पाच अठ्ठावन्न

आमच्या घराला हॉटेलात जेवता येत नाही, आणि त्यात हॉटेलवाल्यांचा काही दोष नाही. सांगलीतली बरी हॉटेलं ज्या वेळेला दिवे लावून टेबलं पुसायला घेतात, त्या वेळेला आमची भांडी घासून पालथी पडलेली असतात. दिवस मावळायच्या आत जेवायचं ही जैन घरांची जुनी रीत. आमच्याकडे ती सवय होती, माझी मुलगी सुंदरी जन्मली तेव्हा सासूबाईंनी त्या सवयीचं व्रत केलं. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही, मरेपर्यंत. व्रत त्या एकट्यांचं, पण एकानं साडेपाचला जेवावं आणि बाकीच्यांनी आठला, हे आमच्या घरात कुणाला सुचलंच नाही.

मी अपेक्षा. साताऱ्यात वाढले, वडील बँकेत होते. आम्हीही जैनच, पण जरा ढिले. आमच्याकडे कांदा-लसणाची टोपली असायची, पर्युषणात तेवढी ती माळ्यावर जायची. हे सासरी कळायला वेळ लागला नाही. लग्नाला सात वर्षं झाली तरी पाहुण्यांतली एखादी बाई माझ्या हातची आमटी वाढून घेताना हळूच वास घेते, आणि मला ते दिसतं. सासूबाईंनी मात्र कधी तसं केलं नाही. त्यांचं नाव प्रभावती. गावात त्यांना सगळे काकी म्हणतात, मी आई म्हणते. स्वभावानं मऊ, हट्टानं पोलाद.

सुंदरी सातव्या महिन्यात झाली. वजन एक किलो शंभर ग्रॅम. मिरजेच्या दवाखान्यात एकतीस दिवस काचेच्या पेटीत होती, आणि डॉक्टर रोज एकच वाक्य सांगायचे, की आज आहे, उद्याचं उद्या. बाराव्या दिवशी आई गावातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेल्या, तिथं मुनी महाराज मुक्कामाला होते, त्यांच्यासमोर हात जोडून व्रत घेऊन आल्या. तेराव्या दिवशी पोरीनं दूध पचवलं. डॉक्टरांनी काय काय औषधं दिली होती ते मला पाठ आहे. पण गावाला विचाराल तर पोर आजीच्या व्रतावर जगली. माझ्या नवऱ्याला, अतिशयला, विचाराल तरी तेच. आईंना तर दुसरं काही खरं वाटायचा प्रश्नच नव्हता.

तर त्या सुंदरीला पाच वर्षं पूर्ण होणार होती आणि तिला पिझ्झा पाहिजे होता. डब्यातून घरी येणारा नको, तिनं मोबाईलवर पाहिलेला, जळत्या लाकडांच्या भट्टीत फावड्यासारख्या पळीनं आत सरकवतात तो. सांगली-मिरज रस्त्याला तसं एक हॉटेल नवीनच निघालं होतं. खरं सांगायचं तर पोरीपेक्षा मलाच जायचं होतं. घरच्या सगळ्यांबरोबर एका टेबलाशी बसावं, कुणी दुसऱ्यानं वाढावं, आपण नुसतं खावं, एवढीच माझी हौस. मी मालकाला फोन केला. जयराज नावाचा तिशीतला माणूस, गोव्यात काम शिकून आलेला. त्याला सगळं सांगितलं, की कांदा, लसूण, बटाटा नको, चटणी वेगळी करा, आणि आम्ही बरोब्बर पाचला येणार, साडेपाचपर्यंत जेवण पाहिजे. तो म्हणाला, या की मॅडम, तुमच्यासाठी वेगळं भांडं काढतो. मला तो माणूस फोनवरच आवडला. आजही मी त्याला वाईट म्हणू शकत नाही.

आईंना मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, आणि ते मीच द्यायचे. संध्याकाळी पाचला इंजेक्शन, साडेपाचला ताट. इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासात पोटात जेवण गेलंच पाहिजे, नाहीतर साखर खाली येते आणि माणूस हातचा जातो, हे डॉक्टरांनी मला चार वेळा बजावलं होतं. पाच वर्षांत एक दिवस माझी वेळ चुकली नव्हती. याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

आम्ही पाचच्या ठोक्याला पोचलो. सासरे आप्पा, आई, अतिशय, सुंदरी आणि मी. पुढं आत्तापर्यंत हजारदा उगाळलेलं सांगते. जयराजनं भट्टी तेव्हा नुकतीच पेटवली होती. दुपारचा विस्तव विझून राख झाली होती. आपल्याकडं पाचला येतो म्हणणारा माणूस साडेसहाला येतो, हे तो धंद्यात शिकला होता, आणि पाच म्हणजे पाचला येणारी आमच्यासारखी माणसं त्यानं पाहिलीच नव्हती. तो ओशाळला. भट्टीवाल्यानं लाकडं रचून फुंकायला सुरुवात केली. मी विचारलं किती वेळ. जयराज म्हणाला, पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही.

मी घड्याळात पाहिलं. पाच दहा. पंधरा-वीस मिनिटं म्हणजे साडेपाच, म्हणजे रोजचीच वेळ. मी आईंना आतल्या बेसिनपाशी नेलं आणि अठरा युनिट देऊन टाकले. त्या म्हणाल्या, "हितं पण वेळ चुकवंना बघा माझी सून." मला बरं वाटलं.

भट्टी बाहेरच्या खोलीतच होती, मातीनं लिंपलेली, घुमटासारखी, आणि आम्हाला टेबल दिलं ते तिच्या अगदी समोर. सुंदरी खुर्चीवर उभी राहून जाळ पाहत होती. आप्पा म्हणाले, आपल्या गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं हे काहीच न्हाई. अतिशयनं फोटो काढले. आई प्रत्येक गोष्ट विचारत होत्या. पीठ कवा मळलं, पनीर कुठलं, एवढ्या जाळात भाकरी का करपत न्हाई. मी त्यांना इतकं खुश फार दिवसांनी पाहत होते.

पाच पस्तीसला पहिला पिझ्झा बाहेर आला. जयराजनं तो उचलून खालून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. भट्टीची फरशी तापली नव्हती, वरून जाळ लागला होता पण तळ पांढरा, कच्चा. म्हातारी माणसं आहेत, कच्चं पीठ देणार नाही, असं म्हणून त्यानं तो बाजूला सारला. मी म्हणाले, असू द्या, चालेल. तो म्हणाला, मॅडम, माझ्या हातून असं जात नाही. मी गप्प बसले. कामाची लाज असलेला माणूस दिसला की मला आदर वाटतो. त्या वेळी मी आरडाओरडा करायला हवा होता.

दुसरा आला तेव्हा पाच एक्कावन्न झाले होते. सूर्यास्त पाच अठ्ठावन्नचा. आप्पांनी सकाळीच पंचांगात पाहून ठेवलं होतं आणि मोबाईल टेबलावर उताणा ठेवला होता. पिझ्झा सुरेख होता. पनीर, ढबू मिरची, कडा फुगलेल्या, मध्ये मध्ये काळे ठिपके. जयराजनं कापून पहिला तुकडा आईंच्या ताटलीत ठेवला. त्यांनी हात पुढं केला.

आणि मला वास आला.

भट्टीवाला रोज भट्टीतून पिझ्झा काढला की ब्रश फिरवतो, कडेला लसणाचं तेल लावतो. चटणी वेगळी होती, भांडं वेगळं होतं, सगळं पाळलं होतं. पण हाताची सवय. त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आईंना वास आला नव्हता, त्यांना सर्दी होती. आप्पांनी उभ्या जन्मात लसूण खाल्लेला नाही, त्यांना तो वास पिझ्झ्याचाच वाटला असता. अतिशय सुंदरीचा तुकडा फुंकत होता. त्या टेबलावर लसणाचा वास ओळखणारी मी एकटी, कारण माळ्यावरची टोपली माझ्या माहेरची.

मी गप्प बसले असते तर आई जेवल्या असत्या. हे वाक्य मी रोज स्वतःला ऐकवते. इंजेक्शन पोटात जाऊन चाळीस मिनिटं झाली होती, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी मला ते आठवलं नाही. मला आठवली आमटीचा वास घेणारी बाई. उद्या कुणी म्हणालं असतं की सुनेनं सासूला बाहेर नेऊन बाटवलं, तर? सात वर्षं कमावलेलं एका तुकड्यात गेलं असतं. मी म्हणाले, "आई, थांबा. याला लसूण लागलाय."

त्यांनी हात मागं घेतला. माझ्याकडं पाहून हसल्या, अगदी मनापासून, शाबासकी द्यावी तसं.

मग जी धांदल उडाली तिला काही अर्थ नव्हता. जयराज भट्टीवाल्यावर ओरडला, तिसरा पिझ्झा आत गेला. मी म्हणाले दुसरं काहीतरी द्या, लगेच काहीतरी. लगेच मिळणारं जे जे होतं त्या सगळ्यात लसूण. मोसंबीचा रस काढायला सांगितला. हॉटेलच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं, केळ्यांची गाडी उभी होती. ती मला तेव्हा दिसली नाही. आता डोळे मिटले की तीच दिसते. रसाचा ग्लास टेबलावर आला तेव्हा आप्पांच्या मोबाईलवर पाच अठ्ठावन्न झाले होते. आईंनी हात जोडले, ओठातल्या ओठात णमोकार मंत्र म्हटला आणि ग्लास सुंदरीकडं सरकवला.

मी म्हणाले, आई, इंजेक्शन झालंय. तुम्हाला खावंच लागेल.

"पोरीचा वाढदिवस हाय, तुमी जेवा," त्या म्हणाल्या. "येक रात उपाशी ऱ्हायलं म्हणून काय हुतंय."

अतिशयला मी कोपरानं ढोसलं. तो म्हणाला, आई, औषध म्हणून घे. आप्पांनी मोबाईल उचलून खिशात घातला. आईंनी सुंदरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, हे मी हिच्यासाठी घेतलंय, मोडलं तर हिच्यावर जाईल. मी निघू या म्हटलं, तर त्या म्हणाल्या पोरीला पोटभर खाऊ दे, तिच्यासाठीच आलोय ना. तिसरा पिझ्झा आला. सुंदरीनं तीन तुकडे खाल्ले. आम्ही आईंकडं बघत, चवीकडं लक्ष नसताना, गिळत होतो.

साडेसहाच्या सुमाराला आईंच्या कपाळावर घाम आला. आप्पा म्हणाले, भट्टीची धग लागतीय. आम्ही त्यांची खुर्ची मागं ओढली. अतिशयनं कागदाच्या मेन्यूनं वारा घातला. धगच असेल, असं मीही मानलं. मानायचं होतं म्हणून मानलं. मग त्या सुंदरीला माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारू लागल्या आणि तिला म्हणाल्या, पाणी तापलंय, न्हायला चल. त्यांचे हात थरथरत होते. तेव्हा मी उठले.

मी साखर मागितली. जयराज धावत आला तो मधाची बाटली घेऊन, पिझ्झ्यावर घालायला ठेवलेली, तीच त्याच्या हाताशी होती. आप्पांनी बाटली हातानं अडवली. "आमच्यात मध न्हाई चालत." माझा तोल गेला. मी सासऱ्यांना म्हणाले, माणूस चाललंय तुमचं, आणि तुम्ही मध चालतो का साखर चालते बघताय. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी असं बोलले. त्यांनी हात काढला नाही. जयराजनं कॉफीच्या काउंटरवरून साखरेच्या पुड्या आणल्या. मी त्या फोडून थोड्या पाण्यात कालवल्या.

आईंनी दात घट्ट मिटले होते. डोळे अर्धवट उघडे, नजर कुठंच नाही, पण दात मिटलेले. अतिशय भिंतीला टेकून उभा होता. मी आप्पांना सांगितलं हात धरा. त्यांनी धरले, बायकोचे दोन्ही हात, आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. मी आईंच्या गालात बोट घातलं आणि साखर हिरड्यांना चोळली. त्यांनी माझं बोट चावलं. मी काढलं नाही. पुन्हा चोळली, पुन्हा. साखरेत माझं थोडं रक्तही गेलं असेल. दहा-बारा मिनिटांनी त्यांची नजर जागेवर आली, मग मी उरलेलं पाणी घोट घोट पाजलं. तेही त्यांनी अर्धवट शुद्धीत गिळलं.

गाडीत बसल्यावर त्यांना पुरती शुद्ध आली. मागच्या सीटवर मी, त्या आणि मध्ये सुंदरी. त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली.

"काय दिलंस मला?"

लसणाच्या वेळी मी खरं बोलले होते, आणि त्याचं काय झालं ते समोर होतं. मी म्हणणार होते की काही नाही. पण माझ्याआधी पुढच्या सीटवरून आप्पा बोलले. ज्या माणसानं कधी उसाच्या वजनकाट्यावरसुद्धा खोटं सांगितलं नाही, तो म्हणाला, "काय न्हाई दिलं. चक्कर आलती. तुझी तूच सावरलीस." अतिशय हो म्हणाला. मी हो म्हणाले.

सुंदरी म्हणाली, "आज्जी, मम्मीनं तुझ्या तोंडात साखर घातली. आप्पांनी हात धरलते तुझे."

मला वाटलं आई रडतील, ओरडतील, माझ्याशी बोलणं टाकतील. मी त्याची तयारी करत होते. त्यांनी काहीच केलं नाही. फक्त उपडा हात सुंदरीच्या कपाळाला लावला, ताप आहे का बघतात तसा. घर येईपर्यंत तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इन्सुलिन घेऊन गेले तर त्यांनी पदर पोटावर ओढून घेतला. रागानं नाही. मला शेजारी बसवलं आणि एखाद्या लहान पोरीला समजवावं तसं सांगितलं. "मी व्रत दिलतं, तवा ही पोर मिळाली. ते मोडलं. आता बदल्यात द्यायला माझ्याजवळ दुसरं काय हाय?"

मी हात जोडले, भांडले, डॉक्टरांना घरी आणलं. आप्पा गाडी करून महाराजांकडं गेले, ते तेव्हा कर्नाटकच्या बाजूला पायी विहारात होते. महाराजांनी स्पष्ट सांगितलं, शुद्ध हरपलेल्या माणसाला दिलं, त्यात व्रत मोडत नाही. मनाला लागत असेल तर एक उपवास करा आणि औषध सुरू करा. आईंनी उपवास केला. औषध सुरू केलं नाही. "महाराजांनी माझ्यापुरतं सांगितलं," त्या म्हणाल्या. "पोरीचं कोण सांगणार?"

एकदा दुपारी त्या झोपल्या असताना मी इन्सुलिनचं पेन घेऊन जवळ गेले. त्यांनी डोळे न उघडताच माझं मनगट धरलं. म्हणाल्या, एकदा केलंस ते पुरं, आता परत नको. त्याच हातावर, चावलेल्या बोटावर, त्यांनी हळद लावायला सांगितली होती. जखम चिघळू नये म्हणून रोज विचारायच्या. मला त्यांचा राग यायचा, इतका की मी मागच्या दारी जाऊन भिंतीवर डोकं आपटून घ्यायची. आणि लगेच त्या सुंदरीला हाक मारायच्या, तिच्या कपाळाला हात लावायच्या, आणि समाधानानं मान हलवायच्या.

पंधराव्या दिवशी त्यांना उठवेना. विसाव्या दिवशी श्वास लागला. शुद्ध गेल्यावर आम्ही त्यांना मिरजेला नेलं, त्याच दवाखान्यात जिथं सुंदरी एकतीस दिवस होती. त्यांना तिथं दोनच दिवस मिळाले.

पोरीला त्या सबंध महिन्यात साधी सर्दीसुद्धा झाली नाही. एरवी दर थंडीत तिची छाती भरते, या वेळेला नाही. दिवसकार्याला आलेल्या प्रत्येकानं तिला जवळ घेतलं, गाल कुरवाळले आणि एकमेकांना सांगितलं की काकींनी नातीला राखलं, बघा, जीव देऊन राखलं. आमटीचा वास घेणाऱ्या बाईनं तर माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, तुझं नशीब थोर, अशी सासू मिळाली.

मी हो म्हणाले. नाही म्हणायला माझ्याजवळ काय आहे? पोर तर समोर ठणठणीत हिंडते आहे. शाळेत ती सगळ्यांना सांगते, माझी आज्जी माझ्यासाठी मेली. मास्तरणीनं मला बोलावून विचारलं, घरी काही झालंय का. आणि परवा संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, मी तिला दूध प्यायला दिलं तर तिनं खिडकीतून बाहेरच्या अंधाराकडं पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि ग्लास माझ्याकडं परत सरकवला.